व्हॅनमध्ये उलटा येणारा धूर

डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. त्यासाठी व्हॅनमध्ये बंबासारखी, लाकडावर पेटणारी छोटी शेगडी बसवली, पण पेटवताना धूर आतच यायचा. धुराडं गार असलं की त्यातली हवा जड राहते, वर ओढ लागत नाही.

छतावरचा पाइप उंच केला, त्याला रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी दगडी लोकर) गुंडाळून वरून दुसरा पत्रा चढवला. शेगडीखाली बाहेरची हवा यायला भोक पाडलं. फरक खरा त्यानेच पडला. आता आधी कागदाचा बोळा जाळून पाइप तापवतो, मग वाळलेली बाभूळ. ओल्या लाकडाने धुराडं काजळतं.

निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म लावाच, आणि निखारे धुमसत ठेवून व्हॅनमध्ये कधीही झोपू नका.