भातकापणीनंतरची गावकामे : मुंबईच्या हद्दीतील गावे व पाड्यांसाठी हिवाळी सल्ला

मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर मानली जाते. त्यानंतर गोराई-मनोरीची खाजणे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी) आणि आरे परिसरातील पाडे यांच्या हाती सार्वजनिक दुरुस्तीसाठी जेमतेम तीन महिने उरतात. सांताक्रुझ येथे जून ते सप्टेंबर या काळात सरासरी 2300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु डोंगरउतारावरचे हे पाणी थांबत नाही आणि लहान ओहोळ हिवाळा सरण्याआधीच आटू लागतात. त्यामुळे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाहते पाणी अडवावे, मग खारबांध (खाडीचे पाणी शेतात शिरू न देणारे मातीचे बांध) पाहावेत आणि विहिरी व वाटा त्यानंतर हाती घ्याव्यात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी वाटेची डागडुजी आधी होते, कारण ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असते.

या गावांची आणखी एक अडचण आहे. ती महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने तेथे ग्रामपंचायत नाही आणि रोजगार हमीची कामेही निघत नाहीत. साहजिकच सारा भार श्रमदानावर आणि विभाग कार्यालयात वेळेवर दिलेल्या अर्जावर पडतो. ओहोळ वनहद्दीत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळण्यास किती दिवस लागतील हे आपल्या हातात नसल्यामुळे अर्ज कापणी संपण्याची वाट न पाहता, शेतात भात उभे असतानाच द्यावा.

वनराई बंधाऱ्यासाठी, म्हणजे गोण्या रचून घातलेल्या तात्पुरत्या बंधाऱ्यासाठी, ओहोळाचे पात्र अरुंद, काठ उंच व पक्के आणि तळ टणक असलेली जागा निवडावी. तळातील पालापाचोळा व सुटे दगड काढून घट्ट थर लागेपर्यंत पात्र साफ करावे, कारण बंधारा फुटतो त्यापेक्षा त्याखालून पाणी झिरपून तो निकामी होण्याचे प्रकार अधिक असतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने किंवा वाळूने तीन-चतुर्थांशच भराव्यात. काठोकाठ भरलेली गोणी दगडासारखी ताठ राहते आणि शेजारच्या गोणीला बिलगत नाही. तोंड सुतळीने शिवून, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशा रीतीने थर रचावेत, फटींत चिकण माती ठासावी आणि तळाची रुंदी माथ्यापेक्षा बरीच अधिक ठेवावी. उंची साधारण एक मीटरच्या पुढे नेऊ नये. माथ्याचा मधला भाग काठांपेक्षा थोडा खाली ठेवल्यास जादा पाणी मधूनच सांडते. अन्यथा ते बाजूने वाट काढते आणि काठ खरवडून नेते. अडवलेले पाणी मुळा, माठ, पालक, वांगी अशा भाजीसाठी राखावे. वालाला ते सहसा लागत नाही, मात्र भाताच्या खाचरातील ओल उडण्यापूर्वी त्याची पेरणी झालेली असावी.

खाजणातील बांधांची पाहणी अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास करावी. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती बहुधा मध्यरात्रीच्या आसपास येते. त्यामुळे गळती होताना कोणाला दिसत नाही आणि खारे पाणी शेतात शिरल्याचे बऱ्याच उशिरा लक्षात येते. भरतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या शेताकडील पायथ्याने चालत जावे. ओलसर पट्टा, बारीक चिखलाचा ओघळ किंवा खेकड्याच्या बिळाशी साचलेले पाणी दिसले की तेथे लगेच खूण करावी. बिळाच्या तोंडावर माती लिंपून काहीच साधत नाही. बीळ शेवटपर्यंत उकरावे आणि चिकण मातीचे थर एकावर एक धुमसाने ठोकून ते भरावे, नाहीतर पुढच्या उधाणाला तेथेच खांड (भगदाड) पडते. माती शेताच्या बाजूनेच, पण बांधाच्या पायथ्यापासून दूर अंतरावरून घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन व त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण असल्याने तेथे खोदकाम, भराव किंवा तोड करू नये. बांधावर इमारतींचे डेब्रिज टाकण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातील पोकळ्यांतून पाणी सहज आरपार जाते. उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, झडपेत अडकलेले प्लास्टिक व काटक्या ओहोटीच्या वेळी काढाव्यात.

विहिरीतील गाळ पाणी तळाला गेल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत काढणे सोयीचे असते. हिवाळ्यात कठड्याच्या भेगा बुजवाव्यात, सांडपाणी विहिरीपासून दूर वळवावे आणि पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) टाकावी. प्रमाण 1000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम धरतात. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर ते अंदाजे 28,000 लिटर भरते आणि 70 ग्रॅम पावडर पुरते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून बादली पाण्याने पाऊण भरावी, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि फक्त वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडावी व वरखाली हलवावी. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. जुनी किंवा ओल लागलेली पावडर निरुपयोगी असते. शिंपणाच्या ज्या विहिरींत डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडले आहेत, त्यांत टीसीएल टाकू नये.

पाड्यांच्या वाटांवरील झुडपे दोन्ही बाजूंनी तोडावीत आणि हे काम अंधार पडण्यापूर्वी थांबवावे. कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, म्हणून कचरा वस्तीजवळ साचू देऊ नये. तोडलेला पाला जाळू नये. हिवाळ्यात शहराची हवा आधीच जड असते, शिवाय तोच पाला भाजीच्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून अंथरला तर ओल जास्त दिवस टिकते.

बंधाऱ्याच्या गोण्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काढून घ्याव्यात. पहिल्या मोठ्या पावसात त्या वाहिल्या तर खालच्या मोरीत अडकून वस्तीत पाणी शिरते. हे काम कोणत्या घरांनी करायचे हे बंधारा घालतानाच ठरवून वहीत लिहून ठेवावे, कारण मे महिन्यात निम्मी माणसे लग्नकार्यासाठी बाहेरगावी असतात.