शोकात असलेल्या माणसाशी रिपोर्टरने बोलायचं कसं

दुर्घटनेच्या बातमीला पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला ऑफिसातून एवढंच सांगतात, बाईट (माईकवर दोन वाक्यं) घेऊन ये. तो कसा घ्यायचा ते कुणी सांगत नाही, मग तो टीव्हीवर बघितलंय तेच करतो, माईक पुढे आणि "तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" विचारतो. हा प्रश्न पहिला डोक्यातून काढून टाका. ज्याचं माणूस गेलंय त्याला काय वाटतंय ते सगळ्यांना माहितीये, आणि त्यालाही कळतं की तुम्ही उत्तरासाठी नाही, रडण्यासाठी विचारताय. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर 'गो होम इंडियन मीडिया' असा हॅशटॅग ट्विटरवर उगाच नव्हता चालला, असल्या वागण्याने लोक खरंच चिडले होते.

दारात पाऊल टाकायच्या आधी एक खात्री करा, की त्या घराला बातमी कळलेली आहे. पोलिसांना विचारा, हॉस्पिटलला विचारा, शेजाऱ्याला तर अजिबात विचारू नका कारण मग तोच जाऊन सांगेल. मृत्यू तुमच्या तोंडून कळणं यासारखं वाईट त्या घरासाठी दुसरं काही नाही.

आता मुख्य मुद्दा. दुर्घटनेत माणसाच्या हातातून सगळं एकदम सुटतं, कधी, काय, कुणाचं, यातलं काहीच त्याने ठरवलेलं नसतं, आणि त्यानंतर आपण जाऊन पुन्हा तेच करतो, प्रश्न आपले, वेळ आपली, कॅमेरा आपला. म्हणून मुलाखतीत जे जे त्याला ठरवू देता येईल ते देऊन टाका. कुठे बसायचं, सोबत कोण असेल, कुठल्या विषयाला हात लावायचा नाही, सगळं आधी विचारा. रेकॉर्डर त्याच्या जवळ ठेवा आणि बंद कसा करायचा ते दाखवा. नाही म्हणाला तर नंबर देऊन निघा, परत परत बेल वाजवू नका, आणि सहकाऱ्यालाही पाठवू नका "बघ तुला बोलतात का" म्हणून. बरेच जण नंतर आपणहून फोन करतात, बोलायचं असतं त्यांना, फक्त त्या दिवशी नसतं.

सुरुवात मृत्यूपासून नाही, माणसापासून करा. "तुमच्या मुलीबद्दल सांगाल का, काय आवडायचं तिला?" असं विचारलं की घरातली माणसं बोलायला लागतात, फोटो दाखवतात, आणि खरं सांगतो, चांगली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, पण यातूनच होते. ते "ती आहे" असं बोलत असतील तर तुम्ही मधेच "होती" म्हणू नका. "मी समजू शकतो" म्हणू नका, "वाईट झालं" एवढं पुरे. रडू आलं तर कॅमेऱ्याने झूम करायचं नाही, घाईघाईने उठून पळायचंही नाही, गप्प बसा आणि थोड्या वेळाने विचारा, थांबू या का. आणि "तुम्ही त्याला का जाऊ दिलं", "तुम्ही लवकर बाहेर का नाही पडलात" असले प्रश्न चुकूनही नकोत, तो माणूस रात्रभर स्वतःला तेच विचारतोय.

सांगताना क्रम चुकतो, वेळा जुळत नाहीत, एखादा आवाज लख्ख आठवतो आणि पुढचा अर्धा तास कोराच असतो. धक्क्यात आठवण अशीच तुकड्या-तुकड्याने बनते, म्हणजे तो खोटं बोलतोय असं नाही. उलटतपासणी करू नका, वेळा अग्निशमन दलाच्या आणि हॉस्पिटलच्या नोंदींवरून लावा.

आकड्यांची घाई तर नकोच. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सागो खाणीत स्फोटानंतर १३ कामगार अडकले, रात्री बातमी पसरली की १२ जिवंत आहेत, नातेवाईकांनी जल्लोष केला, पेपरांनी तेच छापलं, आणि काही तासांत कळलं की १२ गेलेत आणि जिवंत एकच आहे. कुणाकडून कळलं, त्याने स्वतः बघितलं का, एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय "सुखरूप" हा शब्द लिहू नका.

आत्महत्येची बातमी असेल तर पद्धत आणि नेमकी जागा लिहायची नाही, चिठ्ठी छापायची नाही, एकच कारण चिकटवायचं नाही, मदतीची माहिती मात्र द्यायचीच. जागतिक आरोग्य संघटनेने पत्रकारांसाठी हे २००० सालीच लिहून ठेवलंय, कारण सविस्तर बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे अभ्यासातून दिसलंय. लहान मुलांशी पालकांच्या परवानगीशिवाय बोलू नका, आणि पालकच गेलेले असतील तर बोलूच नका.

निघताना सांगा की बातमी कधी येणार, कुठला फोटो जाणार, आणि हेही सांगा की हेडिंग रिपोर्टरच्या हातात नसतं. दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा ते लिहून द्या.

डेस्कवर फुटेज कापणाऱ्यांनो, याचा त्रास तुम्हालाही होतो. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या मॅन्युअलने कामाचा भाग म्हणून सारखी भयानक दृश्यं बघणं हे पीटीएसडीचं, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचं, कारण होऊ शकतं असं मान्य केलंय. आवाज बंद करून बघा, स्क्रीनवरची व्हिडिओची खिडकी छोटी ठेवा, तीच क्लिप गरज नसताना पुन्हा लावू नका, फाईलच्या नावातच आत काय आहे ते लिहा म्हणजे पुढच्याला अचानक दिसणार नाही.

वर्ष झालं की जुने फोटो परत निघतात, तेव्हा छापायच्या आधी त्या घरी एक फोन करा, सकाळी पेपर उघडल्यावर अचानक समोर यायला नको. नको म्हणाले तर ढिगाऱ्याचा नाही, त्यांनीच दिलेला एखादा हसरा फोटो चालेल का ते विचारा.