भुलेच्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांना काय सांगावे

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फाईलवर अनेक वर्षे लाल शाईत ‘झायलोकेनची ॲलर्जी’ (झायलोकेन म्हणजे जागा बधिर करणारे औषध) असे लिहिलेले होते. दाढ काढताना तिला घाम फुटला, छाती धडधडली आणि दहा मिनिटांत ती सावरली. अंगावर गांधी उठल्या नाहीत, ओठ सुजले नाहीत, श्वासही अडला नाही. असा त्रास बहुधा भीतीने येणाऱ्या भोवळीमुळे किंवा औषधाचा असर टिकावा म्हणून त्यात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनमुळे होतो. म्हणून ‘ॲलर्जी आहे’ एवढेच न सांगता, मागच्या वेळी कोणते औषध दिले होते, त्यानंतर किती मिनिटांनी काय झाले आणि त्यावर काय उपचार केले, हे कागदावर लिहून न्यावे.

धोका कोणाला अधिक, हे औषधाच्या गटावर बरेच अवलंबून असते. प्रोकेन, बेंझोकेन यांसारख्या एस्टर गटातील औषधांपासून शरीरात पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल तयार होते आणि ॲलर्जी मुख्यतः त्याचीच येते. त्यामुळे यांपैकी एक बाधले असेल, तर त्या गटातील बाकीचीही टाळावीत. केसांच्या काळ्या डायने डोके खाजून सुजत असेल, तर तेही अवश्य सांगावे, कारण डायमधील रसायन याच आम्लाच्या जवळचे असते. झायलोकेन म्हणजे लिग्नोकेन मात्र दुसऱ्या, अमाइड गटातले आहे आणि त्याची खरी ॲलर्जी फारच दुर्मीळ आहे. अनेकदा दोषी असते ते औषध नव्हे, तर बाटलीतील इतर घटक: अनेक वेळा वापरायच्या बाटलीत औषध खराब होऊ नये म्हणून घातलेले मिथाइलपॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह, किंवा ॲड्रेनॅलिन टिकावे म्हणून घातलेले मेटाबायसल्फाइट. दमेकऱ्यांनी, विशेषतः सुके जर्दाळू (त्यांतही असेच सल्फाइट घातलेले असते) खाल्ल्यावर ज्यांची छाती भरते त्यांनी, हे आवर्जून सांगावे. डॉक्टरांच्या हातमोज्यातील रबराचीही ॲलर्जी असू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर आलेली रिॲक्शन आटोक्यात आणणे अवघड जाते. तरीही त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

शंका उरलीच, तर हातावर थेंबभर औषध टोचून ‘टेस्ट’ केल्याने समाधान मानू नये. ॲलर्जीतज्ज्ञ प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले औषध घेऊन आधी त्वचेवर चाचणी करतात आणि मग देखरेखीखाली ते टप्प्याटप्प्याने वाढवत टोचतात. त्यापूर्वी सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीवरच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या, हे त्यांनाच विचारावे. मावशीची चाचणी अशीच झाली आणि फाईलवरची लाल ओळ तज्ज्ञांनी सही-तारखेसह खोडली.

इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. गांधी, ओठ-जिभेला सूज, छातीत घरघर किंवा डोळ्यांसमोर अंधारी यांपैकी काहीही जाणवल्यास लगेच सांगावे. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन देणे हा पहिला उपचार आहे आणि घरी पोहोचल्यावर असे झाल्यास 108 ला फोन करावा.