पाबे घाट, वेल्हे, केळद एमटीबीवर (माउंटन बाईकवर) करताय? मग या चुका टाळा

पावसाळा ओसरला की आमच्या पुण्यातल्या सायकल ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, "रविवारी पाबे घाटातून वेल्हे, तिथून केळद, मढे घाट बघून परत, किती किलोमीटर होतील?" किलोमीटर विचारले की मी ओळखतो, गडी पहिल्यांदाच चाललाय. कारण मीही तेच विचारलं होतं आणि मग नोव्हेंबरात संध्याकाळी साडेसहाला केळदच्या खिंडीत सायकल ढकलत होतो, बाटलीत घोटभर पाणी, मोबाईलला रेंज नाही, लाईट घरी चार्जिंगला लावलेला. सायकल चांगली होती, पायही बरे होते, हिशोबच चुकला होता.

किलोमीटर नको, खिंडी मोजा

या भागात प्रत्येक नदीचं आपलं आपलं खोरं आहे. पानशेतच्या बाजूला आंबी, वेल्ह्याला कानंदी, राजगडाखाली गुंजवणी, पुढे भोरकडे वेळवंडी आणि नीरा. नदीच्या काठाने जात राहिलात तर मजा आहे, पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे मधली डोंगराची सोंड चढावीच लागते. खानापूरकडून पाबे घाट चढलात की कानंदीच्या खोऱ्यात उतरता, वेल्ह्याहून पुढे केळदची खिंड, आणि त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर दोन खिंडींच्या चार झाल्या. जाताना जो उतार "वा काय भारी" म्हणत सोडला तोच चार तासांनी ऊन डोक्यावर घेऊन चढायचा असतो, आणि हे सकाळी कुणाच्याच डोक्यात नसतं.

माझा अंदाज असा असतो, डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलात की तासाला ८ ते १० किलोमीटर धरा, फोटो आणि चहा वेगळा. परतीच्या पहिल्या खिंडीच्या पायथ्याशी दुपारी दोनच्या आत यायचं. नाही जमलं तर मढे घाट राहू दे, तो कुठे पळून जात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तोरणा १४०३ मीटरचा, त्याच्या आडोशाला अंधार त्याच्या आधीच येतो.

नावात घाट आहे म्हणून रस्ता असेलच असं नाही

ही चूक हुशार माणसं करतात. मॅपवर केळदहून कोकणात उतरणारी तुटक रेघ दिसते, नाव मढे घाट, मग वाटतं ताम्हिणीसारखा वळणावळणाचा रस्ता असेल, खाली उतरू आणि महाडकडून एसटीने येऊ. अहो, ती पायवाट आहे! सिंहगड घेतल्यावर तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला असं सांगतात. आज ट्रेकर मंडळी इथून खाली कर्णवडीला उतरतात आणि उपांड्या घाटाने वर येतात, दगडाच्या पायऱ्या, घसारा, झाडी असा सगळा मामला. सायकल खांद्यावर घेऊन अर्ध्या वाटेत बसलेली दोन पोरं मी स्वतः पाहिलीत, त्यांना खालीही जाता येईना आणि वरही. मॅपवर घाट, नाळ, निसणी असं काही दिसलं की आधी ते पायवाटेचं नाव समजायचं. निसणी म्हणजे तर शिडीच.

गावात विचारा पण विचारायची पण पद्धत आहे. "रस्ता चांगला आहे का?" म्हटलं की पाहुण्याला कोण नाही म्हणेल, "हाय की, जरासं पुढं" असंच उत्तर येणार, आणि ते जरासं चार किलोमीटरही असू शकतं. त्यापेक्षा "मामा, या वाटेनं तुमची मोटरसायकल जाती का?" असं विचारा. जाते म्हणाले तर आपली सायकल जाईल. "बैलं जात्यात" म्हणाले तर ढकलायची तयारी ठेवा. "माणूस जातंय" म्हणाले की मागे फिरा.

हवा

टायरच्या कडेला लिहिलेला मोठा आकडा बघून टम्म हवा भरून येणारे निम्मे लोक असतात. तो आकडा जास्तीत जास्त मर्यादा सांगतो, तेवढी हवा भरा असं नाही. घट्ट टायर मुरमावर उडतो, खिंडीच्या चढाला मागचं चाक जागेवर गरगर फिरतं आणि माणूस म्हणतो पायात ताकद नाही. २.१-२.२ इंचाचा टायर, ट्यूब, वजन सत्तरच्या आसपास असेल तर मी २८ ते ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, ट्यूबलेसला २२ ते २६. आता उलटी चूक, हवा फारच कमी केली आणि दगडावर चाक आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. एकच भोक असेल तर मात्र नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, बाभळीचा काटा आत मोडून राहिलेला असतो आणि दहा मिनिटांत नवीन ट्यूबपण पंक्चर होते.

आणि वाल्व्ह बघून ठेवा! बारीक, वर स्क्रूवाला प्रेस्टा असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाईप त्याला बसत नाही. छोटा पितळी अॅडॅप्टर मिळतो, किरकोळ किंमत, पंपाला टेप लावून चिकटवून ठेवा म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

ब्रेक गेला की तापला?

पाबे घाटाच्या उतारावर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, "ब्रेक लागतच नाहीये रे". बहुतेक वेळा ब्रेक खराब नसतो, वरून खालपर्यंत दोन्ही लिव्हर हलके दाबून ठेवलेले असतात आणि सगळं तापलेलं असतं. सरळ पट्टीत सोडायचं, वळणाच्या आधी नीट दाबायचं, परत सोडायचं. तरीही पकड गेली तर थांबा, निवू द्या, पाच-दहा मिनिटं. गरम डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकडी व्हायची, आणि बोट लावून बघायची हौस तर अजिबात नको.

थंड असतानाच किंचाळतो आणि धरत नाही? मग आठवा, आदल्या रात्री चेनला स्प्रे मारला होता का. तो उडून डिस्कवर बसतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण ब्रेकच्या पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदलणं बरं. तसंही आपल्याकडच्या चिखलात बारीक वाळू असते, ती पॉलिश पेपरसारखी पॅड खाते, एका ओल्या राईडमध्ये पॅड कितीतरी झिजतात. मटेरियल १ मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर निघूच नका. आणि ते डब्ल्यूडी-फोर्टी, गंज सोडवायचा स्प्रे, चेनला तेल म्हणून मारणं सोडा, त्याने असलेलं तेलच धुऊन निघतं.

गिअरचं थोडक्यात. सायकल उजव्या अंगावर पडली तर उठून लगेच सगळ्यात हलका गिअर टाकू नका. हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला अडकवायचा तुकडा, वाकलेला असतो, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सरळ स्पोकमध्ये जातो आणि मग सायकल टेम्पोतूनच घरी. मागून बघा, डिरेलर कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या, रेषेत आहे का. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, मित्राचा बसत नाही, आपला एक जास्तीचा बॅगेत टाका.

पाणी, दोन्ही प्रकारचं

प्यायचं पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते छोट्या बाटलीत अख्खं ओतू नका, आणि अर्ध्या लिटरला अर्धं असं डोळ्याने मापत बसू नका, सरळ लिटरची बाटली ठेवा. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. वेल्ह्यात पिठलं-भाकरी पोटभर खाऊन खिंड चढायला घेतली की काय होतं ते मी सांगायची गरज नाही.

वाहतं पाणी हा वेगळा विषय आहे. सप्टेंबरात ओढ्यांवरच्या फरशीवरून पाणी जात असतं आणि रीलसाठी त्यातून सायकल घालायचा मोह होतो. फरशीवर शेवाळ असतं, चाक कधी सरकलं कळतही नाही. मी चालत, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून जातो, म्हणजे पाण्याने ढकललीच तर ती माझ्या पायांवर येत नाही. पाणी लालभडक झालं किंवा मघाशी घोट्याला होतं ते आता पोटरीला लागतंय, तर वर डोंगरात पाऊस झालाय, अलीकडेच थांबायचं. जवळपास साकव (छोटा पूल) असेल तर गावात सांगतात, दोन किलोमीटरचा वळसा पडला तर पडला.

भातखाचरांच्या बांधावरून सायकल घालायची नाही. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि तो परत घालायला त्या माणसाची सकाळ जाते, मग पुढच्या सायकलवाल्याला तो शिव्या देणारच ना. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, खालचा दगड दिसत नाही, मोज्यात कुसळं घुसतात ती वेगळीच. दगडावर टेकण्याआधी बघून टेका, फुरसं (विषारी साप) तिथे ऊन खात पडलेलं असू शकतं.

वाडीतली कुत्री मागे लागली तर पळवू नका, चढाला तुम्ही हरणारच. उतरा, सायकल मध्ये घ्या, चालायला लागा. कुणीतरी आजी ओसरीवरून "हाड्" म्हणतेच. तिलाच बाटली भरून मागा आणि वेल्ह्याला जाणारी शेवटची गाडी किती वाजता ते पण विचारून ठेवा, मी त्या दिवशी विचारलं नव्हतं आणि मग दुधाच्या पिकअपमध्ये कॅनच्या मध्ये सायकल आडवी टाकून खाली आलो.