लेकराला इसब झालाय? मग या चुका टाळा

परभणीकडं डिसेंबरची थंडी पडली की घरोघरी हेच, लेकराच्या कोपराच्या अन् गुडघ्याच्या खोबणीत लाल चट्टे, रात्रभर खाजवतंय, ना स्वतः झोपतंय ना कुणाला झोपू देतंय. मग आजी म्हणते अंग नीट घासत नाहीत म्हणून झालं. आमच्या थोरलीच्या वेळी मीबी कडक पाणी घेऊन घासत बसले होते, काय सांगू.

अहो इसब म्हणजे मळ नाही. अशा कातडीचं वरचं कवचच कच्चं असतं, आतला ओलावा टिकत नाही अन् बाहेरचं लगेच झोंबतं. त्यात आपलं बोअरचं जड पाणी, फेस येत नाही म्हणून आपण साबण दुप्पट चोळतो. ते बंद करा. कोमट पाणी, 5 ते 10 मिनिटं, साबण बिनवासाचा अन् काखेत-जांघेत लागेल तेवढाच, टॉवेलनं टिपायचं अन् अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापायचं. साधी पेट्रोलियम जेलीबी चालते. पण हात सैल सोडा, सगळ्या अंगाला लावायचं तर लेकराला आठवड्याला 250 ग्रॅमपर्यंत लागतं, अन् आपण छोटी ट्यूब लोणच्यासारखी पुरवून पुरवून वापरतो.

दुसरी चूक मेडिकलमधली. "खाजेवर काहीतरी द्या" म्हणलं की स्टिरॉइड, बुरशीचं औषध अन् अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. ते गजकर्ण असलं (गोल चट्टा, कडा उठलेली, मधे साफ) तर स्टिरॉइडनं खाज दोन दिवस थांबते अन् बुरशी मात्र पसरत जाते. तोंडावर तर असली ट्यूब मनानं लावूच नका, तिथली कातडी पातळ पडते. याची उलटी चूकबी तेवढीच, डॉक्टरनं लिहून दिलेलं स्टिरॉइड भीतीपोटी लावायचंच नाही, किंवा जरा बरं वाटलं की मनानं सोडून द्यायचं. माप सोपंय, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली क्रीम मोठ्या माणसाच्याच दोन पंजांएवढ्या जागेला पुरते.

दूध, अंडी, शेंगदाणे मनानंच बंद करू नका, लेकरू वाळतं अन् खाज तिथंच राहते. अन् हा रोग लागट नाही, उगंच वेगळं ताट नको.

मोठ्या माणसांनी एक बघा. खुरपणीनंतर पापण्या, मान, कोपराच्या खोबणी सुजून खाजत असतील तर गाजरगवताचा संशय घ्या, ते हवेतूनबी बाधतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल, अन् घरी आलं की आधी आंघोळ.

चट्ट्यावर पिवळी खपली धरली, पू आला तर डॉक्टरला दाखवा. पण अचानक बारीक दुखरे फोड उठले अन् ताप भरला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.