ठेकेदाराची माणसं गेटमधून आत येण्याआधी

"पुढच्या महिन्यापासून एजन्सीकडून साठ माणसं घ्यायची आहेत. मॅडम, तयारी काय काय करू?" चाकणच्या एका कंपनीत नव्यानेच एचआर सांभाळायला लागलेल्या मुलाने परवा फोनवर विचारलं. बावीस वर्षं हेच काम करते आहे, म्हणून त्याला जे सांगितलं ते नीट लिहून काढते.

आधी कोणतं काम बाहेर द्यायचं ते कागदावर मांडा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कारखान्याच्या मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. अपवाद आहेत: काम अचानक वाढलं तर, किंवा ते काम त्या धंद्यात एरवीही ठेकेदारच करत असेल तर. साफसफाई, कॅन्टीन, बागकाम यांना सहसा अडचण येत नाही. मालाची चढ-उतार आणि गेटवरचे रक्षक यांचं मात्र आपल्या राज्यात वेगळं आहे. माथाडी कायदा 1969 चा, सुरक्षा रक्षकांचा 1981 चा. दोन्हींची मंडळं आहेत. ती माणसं साठांच्या यादीत सरसकट घालू नका, आधी मंडळाकडे चौकशी करा.

मग एजन्सी. पन्नास किंवा जास्त माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो. त्याची प्रत घ्या, मुदत बघा, तो आपल्या राज्यात चालतो का तेही बघा. पीएफ आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) यांचे कोड नंबर त्याच्याच नावावर आहेत ना, तपासा. एवढं सगळेच करतात. मी आणखी एक करते. त्या एजन्सीची माणसं जिथे आधीपासून कामाला आहेत, त्या कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आठ तारखेला जाऊन उभी राहते. पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो. झाला का, हे तिथे कुणालाही विचारा, खरं उत्तर मिळतं.

दराच्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढची निम्मी भांडणं तिथेच पेरली जातात. समजा महिन्याचा पगार 15,000 रुपये आहे. मालकाच्या वाट्याचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय आकार धरून 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआयसी 3.25 टक्के, म्हणजे 488. पूर्ण पगारावर 8.33 टक्के बोनस धरला तर 1,250. झाले 18,688. यात रजा नाही, कामगार कल्याण निधी नाही, बूट-गणवेश नाही, ठेकेदाराचं कमिशन नाही आणि वरचा 18 टक्के जीएसटीही नाही. आता कुणी "सगळं धरून साडेअठरा हजार" म्हणाला, तर फरक कुणाच्या खिशातून जाणार ते उघड आहे. खरेदी विभाग कमी दराला खूश होतो. तुम्ही तेव्हाच उठून हा हिशोब टेबलावर ठेवा. किमान वेतन आणि कायद्याचे पैसे सगळ्या एजन्सींना सारखेच ठेवायला सांगा. घासाघीस फक्त कमिशनवर करा.

करारात एक वाक्य ठळक हवं: पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि पीएफ-ईएसआयसीचं चलन आल्याशिवाय बिल पास होणार नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाला, म्हणजे आपल्या कंपनीला द्यावा लागतो, कायदाच तसा आहे.

पहिल्या दिवशी माणूस आत सोडण्याआधी त्याच्या हातात नेमणूक पत्र हवं, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) हवा, ईएसआयसीचा नंबर हवा. नंबर नाही तर गेटपास नाही. यावर मी कुणाचंही ऐकत नाही. माझ्या एका जुन्या नोकरीत बावीस वर्षांच्या मुलाचं बोट प्रेसमध्ये सापडलं. दवाखान्यात कळलं की त्याची नोंदणीच नव्हती. चार महिने त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जात होता आणि एजन्सीने नोंदणी केली ती त्या दिवशी दुपारी, अपघातानंतर. त्याच्या हाताला गुंडाळलेला लाल झालेला रुमाल मला अजून दिसतो. मी पहिल्याच दिवशी नंबर मागितला असता, तर त्याला ते हेलपाटे पडले नसते.

पिण्याचं पाणी, कॅन्टीन, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार ही जबाबदारी कंपनीची. कंत्राटी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीही आपल्याच अंतर्गत समितीकडे येऊ शकतात. समितीच्या सदस्यांची नावं त्यांना दिसतील अशा ठिकाणी लावा.

हुकूम कोण देणार, हेही आधी ठरवा. ठेकेदाराचा सुपरवायझर शिफ्टवर हवा. हजेरी, रजा, ताकीद त्याच्याकडे. 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही, पण करार नुसता दिखाऊ असेल तर कामगार कंपनीचाच ठरतो. आपला लाइन इन्चार्ज रजा मंजूर करत असेल, तर कराराचे कागद कितीही सुंदर असोत, उपयोग नाही.

महिन्याच्या चलनाची तारीख पुढच्या महिन्याची 15. नुसती एकूण रक्कम बघून सही करू नका. ईसीआरमधली, म्हणजे पीएफच्या दरमहा भरायच्या विवरणपत्रातली नावं गेटच्या पंचिंगशी एकेक करून जुळवा. त्यात एनसीपी नावाचा रकाना असतो, बिनपगारी दिवसांचा. माणूस सव्वीस दिवस आलेला असतो आणि तिथे चौदा लिहिलेले असतात. तेवढा पीएफ कमी भरला जातो. साठ नावं जुळवायला एक दुपार लागते, ती राखून ठेवा.

ठेका संपण्याचीही तयारी आत्ताच करा. शेवटचं बिल रोखून ठेवायचा अधिकार करारात लिहून घ्या, आणि प्रत्येकाची रजा, बोनस, उरलेला पगार बँकेत पडल्यावरच ते सोडा. कामगाराने मागितला तर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यायचा असतो. तो शेवटच्या शिफ्टला आपल्या गेटवरच हातात पडेल असं बघा. माणूस एकदा गावी गेला की दाखल्यासाठी ठेकेदाराच्या ऑफिसच्या पायऱ्या चढायला परत येत नाही.