विश्वासणाऱ्यांत वाद झाला की या चुका टाळा

भांडण मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही होतं. फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पत्र लिहिताना प्रेषित पौलाने युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना चक्क नाव घेऊन विनवलं, एकचित्त व्हा म्हणून. दोघींनी सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर श्रम केले होते. वाद कशावरून होता, कोण चुकली, यातलं त्याने काहीच लिहिलं नाही. विनंती मात्र दोघींना वेगवेगळी केली.

तेव्हा वाद झाला म्हणून लगेच कोणाचा विश्वास कच्चा ठरत नाही. चूक होते ती त्यापुढे, आणि बहुतेक वेळा भक्तीचं पांघरूण घेऊन होते.

प्रार्थनेच्या नावाखाली बोभाटा

मी स्वतः केलेली चूक आधी सांगतो. आमच्या गायनमंडळातल्या एका भावाशी माझं बिनसलं. सरावाच्या वेळी तो चारचौघांत मला तोडून बोलला होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. "आमच्यासाठी प्रार्थना करा" असं म्हणत तिघांना सगळी हकीकत सांगितली, अर्थात माझ्या बाजूने. आठवड्याने त्याच्या दारात उभा राहिलो, तर त्याने एवढंच विचारलं, "आणखी कोणाला सांगायचं राहिलंय का?" घोकून नेलेलं सगळं मी तिथेच विसरलो. त्याच्या अपराधाआधी आता माझाच निस्तरायचा होता.

मत्तय 18:15 पासून येशूने क्रम घालून दिला आहे. आधी दोघंच, एकांतात. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं, आणि तरीही नाहीच ऐकलं तर मंडळीला सांगायचं. आपण नेमके उलट्या टोकाने सुरू करतो. पाळकांचा सल्ला जरूर घ्यावा, पण आपण सल्ला मागतोय की बाजू जमवतोय, हे स्वतःला विचारावं: ज्याच्याशी बिनसलं तो शेजारी बसला असता तर मी हे याच शब्दांत सांगितलं असतं का?

आधीच सांगून बसला असाल तर त्या प्रत्येकाकडे परत जा आणि "मी एकच बाजू सांगितली होती" असं कबूल करा. फार जड जातं. मला तीन घरी जावं लागलं.

वचनं फेकून मारणं

रात्री मोबाइलवर लांबलचक मेसेज लिहायचा, मध्ये बायबलमधली चार वचनं घालायची, शेवटी 'देव तुला आशीर्वाद देवो'. वाचणाऱ्याला त्यातला आशीर्वाद दिसतच नाही. असा मेसेज लिहून झाला असेल तर पाठवू नका. इफिसकरांस 4:26 मध्ये सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका असं आहे, पण त्याचा अर्थ सगळा वाद आज रात्रीच निकालात काढा असा नाही. "उद्या बसून बोलू. मला तुझ्याशी नातं तोडायचं नाही." त्या रात्रीपुरतं एवढं खूप झालं.

येशूने पेत्राला कसं परत जवळ घेतलं, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. येशू पकडला गेल्यावर 'मी त्याचा शिष्य नाही' असं म्हणत पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता (योहान 18:18). पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूनेही कोळशाचाच विस्तव केला होता, वर मासळी ठेवलेली. आधी शिष्यांना न्याहारी दिली. मग पेत्राला तीन वेळा विचारलं, "माझ्यावर प्रेम करतोस का?" तीन नकारांचा हिशेब त्याने मांडला नाही. पेत्राला दुःख झालंच, पण त्याच तोंडाने त्याच्यावर मेंढरांची जबाबदारीही सोपवली.

माफी मागताना 'पण'

"मी चुकलो, पण तूसुद्धा..." ही माफी नव्हे. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हीसुद्धा नव्हे. काय केलं ते नेमकं सांगा: "तुझ्याबद्दल मी तिघांशी बोललो, तुझ्याशी नाही. माझं चुकलं." आणि थांबा. उत्तर लगेच येईल असं धरून चालू नका.

क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणं?

नाही. घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, धमक्या असतील तर एकांतात जाऊन बोला हा सल्ला त्या व्यक्तीला देऊच नका. आधी तिला सुरक्षित जागी न्या, तिच्यावर विश्वास ठेवा, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा. अधिकाऱ्याने येशूला चपराक मारली तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही. "मला का मारतोस?" असं तिथल्या तिथे विचारलं (योहान 18:23).

उत्तर तयार ठेवून ऐकणं

याकोब 1:19 ऐकण्यात तत्पर आणि बोलण्यात धीमे व्हा असं सांगतो. आपण समोरचा श्वास कधी घेतो याची वाट बघत असतो. बोलायला बसलात की पहिलं वाक्य आरोपाचं नको. "त्या दिवशी तुझं काय चाललं होतं?" असं विचारा, आणि त्याचं बोलणं पुरतं संपू द्या.

तो भाऊ पहिल्या भेटीत आणखी काही बोलला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने मला आत घेतलं आणि मी हाच प्रश्न विचारला. सरावाच्या आदल्या रात्री त्याच्या वडिलांना दवाखान्यात दाखल केलं होतं. तो तिथून थेट सरावाला आला होता. मी ज्या तिघांना प्रार्थना करायला सांगितलं, त्यांच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.